आडबाजूच्या डोंगरमाथ्यावर जिओकॅशिंग : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

फोनवर अंतर दिसत होतं ७० मीटर. बाण नाकासमोर. आणि नाकासमोरच काळा कातळकडा उभा होता, चांगला सात-आठ मजली इमारतीएवढा. अकोले तालुक्यात शिरपुंज्याजवळ घनचक्कर नावाचा डोंगर आहे. त्याच्या पोटाला लागून, कारवीतून अंग ओरबाडून घेत आम्ही अर्धा तास तिथवर आलो होतो, कारण बाण तिकडे बोट दाखवत होता. ७० मीटर हा आकडा खरा होता, पण ते आडवं अंतर होतं. उंचीतला फरक त्यात धरलेला नसतो. आम्हाला हवा असलेला खडक डोक्यावर, वरच्या पठारावर होता आणि पठाराकडे चढणारी वाट आम्ही केव्हाच मागे सोडली होती. दुपारचे दोन वाजून गेले होते. त्या दिवशी आम्ही तसेच खाली उतरलो.

जिओकॅशिंग म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून लपवलेली वस्तू शोधायचा खेळ. आडबाजूच्या डोंगरावर पहिल्यांदा हा खेळ खेळायला निघालेल्यांना जे सांगायचं ते बहुतेक या एका प्रसंगात आलं. जीपीएस जागा सांगतो, वाट सांगत नाही. वाट नकाशातून, गावातून आणि पायाखालच्या जमिनीतून काढावी लागते. पुढचं सगळं त्याच्याच तयारीबद्दल आहे.

खेळ थोडक्यात

कुणीतरी एक डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, बाकीचे तो शोधतात. डब्यात एक वही असते. सापडला की वहीत नाव-तारीख लिहायची, डबा होता तसाच ठेवायचा, घरी येऊन जिओकॅशिंगच्या ॲपवर नोंद करायची. डब्यातली एखादी छोटी वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची.

हे शक्य झालं ते मे २००० पासून. त्याआधी अमेरिकन सरकार नागरी जीपीएसच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जाई. १ मेच्या मध्यरात्रीच्या सुमारास ती चूक काढून टाकली गेली आणि ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. तीन दिवसांत दोघांनी ती शोधून काढली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी या खेळाचं संकेतस्थळ सुरू केलं तेव्हा त्यावर ७५ डबे होते. आज जगभरात तीस लाखांवर आहेत.

इंग्रजीत डब्याला कॅश म्हणतात. मी इथे डबाच म्हणेन, आणि गावात वाट विचारताना तुम्हीही तोच शब्द वापरा. ‘कॅश शोधतोय’ म्हटलं की समोरच्याला पैसे वाटतात आणि नको ती शंका येते.

आपल्याकडे युरोप-अमेरिकेच्या मानाने डबे फार थोडे आहेत, डोंगरमाथ्यावरचे त्याहून थोडे. म्हणूनच वाट कशी काढायची ते एका खऱ्या डोंगरावरून सांगतो. घनचक्कर १५३२ मीटर उंच आहे. कळसूबाई १६४६, साल्हेर १५६७, आणि त्यानंतर ज्या मोजक्या शिखरांची नावं येतात त्यांत हा आहे. कळसूबाईवर सुट्टीच्या दिवशी शिडीपाशी रांग लागते. इथे दिवसभरात दुसरा माणूस भेटेलच असं नाही. इथे डबा आहे म्हणून मी हा डोंगर निवडला असं समजू नका. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे कुणी काहीही ठेवू नये. आम्ही तिथे खेळतो तो बिनडब्याचा सराव. आमच्यातला एकजण आधीच्या खेपेला पठारावरचा एक खडक ठरवून त्याचे आकडे टिपून, फोटो काढून आणतो. बाकीच्यांनी तो खडक शोधायचा आणि तसाच फोटो काढायचा. मागे काहीच राहत नाही, शिकायला सगळं मिळतं.

आकडे वाचायला शिका

हा भाग घरी, टेबलावर बसून पक्का करा. जिओकॅशिंगमध्ये जागा अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात, उदाहरणार्थ उत्तर १९° २८.४५०′. नकाशाच्या नेहमीच्या ॲपमध्ये हीच जागा १९.४७४१७° अशी दिसते. काही यंत्रांत अंश-मिनिटं-सेकंद असतात, तिथे ती १९° २८′ २७″ होते. तिन्ही एकच.

घोटाळा होतो तो आकडे हाताने भरताना. १९.४७४२ पाहून कुणी १९° ४७.४२′ असं भरलं तर तो सुमारे ३५ किलोमीटर उत्तरेला गेला. ही चूक निदान लगेच लक्षात येते. २८.४५०′ ला कुणी २८ मिनिटं ४५ सेकंद समजलं तर चूक सुमारे साडेपाचशे मीटरची होते, आणि ती घातक असते, कारण नकाशावर बिंदू त्याच डोंगरावर दिसतो, फक्त दरीच्या पलीकडच्या धारेवर. आकडे भरल्यावर बिंदू नकाशावर उघडून बघा आणि वर्णनाशी ताडा. वर्णनात ‘पठाराच्या पूर्व कडेला’ असेल आणि बिंदू नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीत, पडत असेल तर कुठेतरी चुकलंय.

शेवटच्या अंकाचीही किंमत माहीत असू द्या. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर, आणि आपल्याकडे पूर्व-पश्चिम सुमारे १.७५ मीटर. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन पाचेक मीटरपर्यंत बरोबर असतो. म्हणजे शेवटचे दोन-तीन हजारांश हा अंदाजच असतो, त्याच्यासाठी एका जागी उभं राहून आकड्याशी झगडू नका.

यंत्राचं डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावरून मोजतात तो, डब्ल्यूजीएस ८४ वर आहे ना, तेही बघा. फोनमध्ये ते असतंच. जुनं हातातलं यंत्र कुणाकडून मागून आणलं असेल, किंवा एव्हरेस्ट डेटमवरचं जुनं टोपोशीट (सर्वेक्षण विभागाचा नकाशा) हाताशी असेल, तर मात्र बिंदू सरकलेला मिळतो.

डब्याचं पान नीट वाचा

ॲपवरच्या पानावर प्रत्येक डब्याला दोन श्रेणी दिलेल्या असतात, दोन्ही १ ते ५. पहिली शोधायला किती अवघड याची, दुसरी तिथे पोचायला किती अवघड याची. नवख्याने दुसरी आधी बघावी. ५ म्हणजे दोर, होडी असं खास साहित्य लागणार. ४ म्हणजे लांबची, उभ्या चढाची, हात टेकत जाण्याची वाट. माझं मत विचाराल तर आधी २ पर्यंतचे पाच-सहा डबे शोधा. जवळपास नसतील तर मित्राला बागेत एखादी खूण ठरवून आकडे द्यायला सांगा. बाण कसा उड्या मारतो, ‘पोचलात’ म्हटल्यावरही दहा पावलं कशी शोधावी लागतात, हे डोंगरावर पहिल्यांदा कळून उपयोग नाही.

मग शेवटच्या नोंदी बघा. माथ्यावरच्या डब्याला दोन-चार वर्षांत एखादाच माणूस पोचतो. शेवटची ‘सापडला’ नोंद कधीची, त्यानंतर ‘सापडला नाही’ किती वेळा आलंय, डबा लपवणारा अजून खेळात आहे का, या तीन गोष्टींवरून डबा जागेवर असण्याचा अंदाज बांधता येतो. जुन्या नोंदींत वाटेबद्दल एखादं वाक्य असलं तर ते सोनं समजून वहीत उतरवून घ्या.

पानावर एक सूचना दडवलेली असते, इंग्रजी अक्षरं तेरा घरं सरकवून लिहिलेली. ॲपमध्ये एका टिचकीसरशी ती उलगडते. गावातल्या डब्यासाठी ती शेवटपर्यंत न बघण्यात मजा आहे. दूरच्या डोंगरावर जाताना घरीच वाचा. आणि पान, नोंदी, फोटो, नकाशा हे सगळं फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण घाटमाथ्यावर रेंज जाते.

वाट आधी कागदावर चाला

सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरांवर थर. कडक थर जिथे उघडा पडला तिथे कडा झाला, मऊ थर झिजला तिथे पदर किंवा माची, म्हणजे कड्यालगतचा सपाट पट्टा. भूशास्त्रात याला डेक्कन ट्रॅप म्हणतात, आणि ट्रॅप हा शब्दच स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलाय. दुरून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते यामुळेच. जिओकॅशिंगच्या बाणाला या पायऱ्या माहीत नसतात.

म्हणून समोच्च रेषांचा नकाशा हवा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशात दोन रेषांमधला उंचीचा फरक २० मीटर असतो. चार-पाच रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथे कडा आहे असं समजा. रेषा गावाकडे जीभ काढून उतरताना दिसतात त्या सोंडा, आणि दोन उंचवट्यांच्या मधे रेषा कंबरेसारख्या आवळल्या की ती खिंड. डोंगरात माणसं आणि जनावरं बहुतेक सोंडेने चढतात, खिंडीत येतात, तिथून धारेने पुढे जातात. नाळेतूनही वाटा आहेत, पण नवख्याने नाळेच्या नादी लागू नये. पावसाळ्यात त्यातून पाणी आणि दगड येतात, उन्हाळ्यात निसटत्या दगडमातीचा घसारा असतो, आणि मधेच कातळटप्पा लागला की वरही नाही, खालीही नाही.

आता नकाशावर डब्यापासून मागे या. माथा, मग माथ्यावर पोचायची जागा, मग खिंड, मग सोंड, मग गाव. प्रत्येक ठिकाणाचे आकडे घेऊन फोनमध्ये वेगवेगळ्या खुणा म्हणून भरा. चालताना बाण डब्यावर लावायचा नाही, पुढच्या खुणेवर लावायचा. शिरपुंज्याहून घनचक्करला जाताना भैरवगडाच्या वाटेने वर येऊन दोन्ही डोंगरांमधल्या खिंडीतून पुढे जातात. भैरवगडावर भैरोबाचं ठाणं आहे, तिथे यात्रा भरते, म्हणून तिकडची वाट मळलेली आहे. खिंडीतून पुढे राबता कमी होतो, आणि आम्ही चुकलो ते नेमके तिथेच. खिंडीपर्यंत बरोबर आलो, मग बाण खडकावर लावला आणि वाट सोडून पदरातून आडवे सुटलो.

परवानगी आणि गाव

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शिरण्यासाठीच परवानगी लागते. वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरून पावती घ्या, राहायचं असेल तर तसं आधी विचारा. किल्ल्यांच्या बाबतीत पुरातत्त्व खात्याचे नियम वेगळे. पावसाळ्यात काही ठिकाणी जिल्हा प्रशासन बंदी घालतं, तीही निघण्याआधी तपासा.

त्यानंतर गाव. पहाटे अंधारात गाडी लावून गुपचूप डोंगराला लागणं मला पटत नाही. दोन घरं सोडून तिसऱ्या घरी कुणीतरी अंगणात असतंच. हाक मारा, पाणी मागा, कुठे निघालात ते सांगा.

“मामा, घनचक्करवर जायला वाट आहे का?”

“वाट हाये, पण आता गवतात दिसायची नाय. कुठं उतरणार? हिकडंच का पल्याड?”

“इकडेच. संध्याकाळच्या आत.”

“मग ढोरं जात्यात त्या अंगानं जा. नळीत शिरू नका.”

‘नळीत (म्हणजे नाळेत) शिरू नका’ ही सूचना कुठल्याही ॲपमध्ये मिळत नाही. आम्हाला ती दुसऱ्या खेपेला मिळाली, कारण पहिल्या खेपेला आम्ही विचारलंच नव्हतं. विचारताना एक काळजी घ्या. ‘ही वाट वर जाते ना?’ असं विचारलं की बहुतेक माणसं भिडेखातर ‘जाते’ म्हणतात. ‘वर जायला कुठून जाता?’ असं विचारा. पाणी कुठे आहे, शेवटचं कोण गेलं होतं, आग्या मोहोळं कुठल्या कड्याला आहेत, हेही विचारा.

पहिली खेप असेल आणि वाट मोडलेली असेल तर गावातून वाटाड्या घ्या. त्याची मजुरी आधी ठरवा, घासाघीस करू नका, आणि जेवण आपल्याबरोबर त्याचंही न्या. वाटाड्या आला म्हणजे खेळ संपला असं वाटत असेल तर काळजी नको, तो माथ्यापर्यंत नेईल, शेवटचे पन्नास मीटर तुमचेच आहेत.

पिशवीत काय, कधी आणि किती वाजता

ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात शेवाळलेला कातळ आणि धुकं असतं. पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि सगळीकडे सारखंच दिसणाऱ्या पठारावर कडा कुठल्या बाजूला आहे तेच कळेनासं होतं. मार्चनंतर पाणी आटतं. प्रत्येकी किमान तीन-चार लिटर पाणी न्या, टाकं किंवा झरा मिळेल या भरवशावर निघू नका.

बाकी ट्रेकचं सामान तुम्हाला माहीत आहे. या खेळासाठी म्हणून जे जास्तीचं लागतं ते असं: पॉवर बँक आणि तिची तार, वहीत हाताने उतरवलेले आकडे, साधं होकायंत्र, दोन पेन्सिली, वहीची जादा पानं, झिपची पिशवी, जाड हातमोजे, हातभर काठी, छोटा विजेरी दिवा. पेन नको, दमट हवेत शाई पसरते. फोन खिशात, विमान मोडवर ठेवा. जीपीएस चालू राहतो आणि बॅटरी जवळपास दिवसभर पुरते. हिवाळ्यात जाणार असाल तर कुसळांसाठी गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचं आवरण) किंवा जुने जाड मोजे घाला, नाहीतर दर पंधरा मिनिटांनी बूट काढावा लागतो.

उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं परदेशातले गिर्यारोहक सर्रास वापरतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती बाळगता येत नाहीत. परदेशातून सुट्टीवर येणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, विमानतळावरच अडचण होते.

चढाईचा वेग मोडक्या वाटेवर तासाला अडीचशे-तीनशे मीटर उंची एवढाच धरा. शोधायला एक तास वेगळा ठेवा. आणि परत फिरायची वेळ निघतानाच ठरवा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा एक वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं, डबा वीस मीटरवर असला तरी. एकट्याने जाऊ नका, तिघे-चौघे असा. घरच्या एका माणसाला वाट, गाव आणि परतायची वेळ लिहून द्या. महाराष्ट्रात डोंगरातल्या बचावासाठी गिर्यारोहकांचं समन्वय केंद्र आहे, त्याचा मदत क्रमांक, ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ फोनमध्ये आधीच जपून ठेवा. जवळचं रुग्णालय कुठे, हेही निघण्याआधी.

चढताना फोनमध्ये आपला माग नोंदवत राहा. परतताना धुक्यात त्याच मागावरून उतरता येतं. दर वळणावर मागे वळून बघा, उतरताना तीच जागा वेगळी दिसते.

शेवटचे पंधरा मीटर

माथ्यावर पोचलात. आता बाण डब्यावर लावा. अंतर पंधरा मीटरच्या आत आलं की थांबा आणि दोन मिनिटं स्वस्थ उभे राहा. यंत्राला आकडा स्थिर करायला वेळ लागतो. कड्याच्या कडेला किंवा खडकांच्या खोबणीत असाल तर उपग्रहाचे संदेश कातळावर आपटून येतात आणि आकडा वीस-वीस मीटरने हलतो.

बाण गोल फिरायला लागला की वेगळी युक्ती. बिंदूपासून वीस-पंचवीस मीटर लांब जा, तिथून बाणाची दिशा बघा आणि त्या रेषेवरची एखादी खूण लक्षात ठेवा, एखादा खडक, एखादं झुडूप. मग दुसऱ्या बाजूने तसंच, मग तिसऱ्या. तीन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे शोधायला लागा. घनचक्करच्या पठारावर आम्ही दुसऱ्या खेपेला हेच केलं. दोन रेषा एका पसरट खडकावर छेदल्या, तिसरी चार पावलं पलीकडे गेली. खडक गुडघ्याएवढा, वरचा पृष्ठभाग बारीक भोकाभोकांचा, लाव्हातून वायू बाहेर पडताना राहिलेली ती भोकं, आणि त्यातल्या काहींत पांढरे स्फटिक बसलेले. फोटोत तेच स्फटिक होते. फोन खिशात टाकून खडकाकडे बघितलं तेव्हा तो सापडला, तोवर आम्ही त्याच्यावरूनच दोनदा गेलो होतो.

डबा असेल तर तो कुठे असेल, याचा विचार लपवणाऱ्याच्या जागी बसून करा. त्याला पावसाचं पाणी, वणवा आणि वानरं यांच्यापासून डबा वाचवायचा होता. म्हणजे गवतात नाही, खोलगटात नाही, बहुधा कातळाच्या आडोशाला. नैसर्गिक वाटणार नाही अशी दगडांची मांडणी दिसली की तिथे बघा.

इथे माझी कळकळीची विनंती आहे: दगडाखाली उघडा हात घालू नका. फुरसं अंगाने लहान असतं, रंगाने मुरमासारखं, आणि उन्हाच्या वेळी दगडाखालीच बसतं. विंचूही तिथेच. आधी काठीने आवाज करा, मग दगडाची पलीकडची कड आपल्याकडे उचला, म्हणजे उघडलेली फट पलीकडे राहते. आत दिवा टाकून बघा, मगच हातमोजा घालून हात. साप चावलाच तर कापाकापी नाही, तोंडाने ओढणं नाही, घट्ट बांधणं नाही. अंगठी-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय हलू न देता माणसाला शक्य तितक्या लवकर रुग्णालयात पोचवा.

आणि कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ दिसलं तर तिथला शोध तिथेच थांबवा. अत्तर, धूर, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. उठल्या तर हात झटकत बसू नका, तोंड झाकून तिथून निघा.

शेंदूर लावलेला दगड, रचून ठेवलेले देवाचे दगड, वीरगळ, देवराईतलं काहीही हलवायचं नाही. कुणीही शहाणा माणूस तिथे डबा ठेवत नाही, त्यामुळे शोधायचंही कारण नाही.

सापडल्यावर, आणि न सापडल्यावर

डबा उघडण्याआधी तो कसा ठेवला होता याचा फोटो काढा. उघडून वही बघा. ओली असेल तर कोरडी पानं पिशवीत घालून ठेवा, ओली पानं काढून टाकू नका, त्यांवर जुन्या माणसांची नावं असतात. खाण्याची वस्तू कधीही ठेवू नका, वानरं वासाने डबा फोडतात. झाकण चारी बाजूंनी दाबून बसवा. वरचा दगड होता तसाच.

तासभर शोधून सापडला नाही तर नवा डबा ठेवून येऊ नका. जुना तिथेच असेल तर एका जागी दोन होतात आणि पुढचे सगळे गोंधळतात. ‘सापडला नाही’ अशी नोंद प्रामाणिकपणे करा. दूरच्या डोंगरावर ती नोंद लपवणाऱ्याला सापडल्याच्या नोंदीहून जास्त उपयोगाची असते.

स्वतःचा डबा लपवायची घाई करू नका. जागेच्या मालकाची परवानगी लागते, मग तो वनविभाग असो, ग्रामपंचायत असो की शेतकरी. दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटर अंतर हवं, डबा जमिनीत पुरायचा नाही, आणि वर्षातून एकदा तरी तुम्हाला तिथे जाऊन त्याची देखभाल करता आली पाहिजे. ते जमणार नसेल तर ठेवू नका, दोन पावसाळ्यांनंतर तो डबा म्हणजे डोंगरावरचा कचरा होतो. ठेवलाच तर पारदर्शक प्लास्टिकचा ठेवा आणि वर मराठीत लिहा की हा खेळाचा डबा आहे. स्टीलचा डबा आपल्याकडे बेवारस दिसला की लोक घाबरतात, आणि ते बरोबरच आहे. जिथे डबा शक्य नाही तिथे अर्थकॅश हा प्रकार आहे, २००४ पासून चालतो. त्यात काहीच ठेवायचं नसतं, जागेवर जाऊन भूशास्त्राच्या प्रश्नांची उत्तरं शोधायची. सह्याद्रीच्या खडकाला तो फार शोभतो, पण तिथल्या जागेचीही परवानगी आधी विचारा.

उतरल्यावर ज्या घरी पाणी मागितलं होतं तिथे ‘आलो खाली’ म्हणून सांगा. नाहीतर ती माणसं अंधार पडेपर्यंत डोंगराकडे बघत राहतात.

आणि घरी पोचल्यावर त्याच रात्री नोंद लिहा, पुढच्या माणसाच्या कामाची. एका कल्पित डोंगराची नमुना नोंद देतो:

“१४ डिसेंबर, तिघे. गावातून ७.१० ला निघालो, खिंडीत ९.०५, माथ्यावर ११.३०. खिंडीनंतर गवत कंबरभर आहे, वाट दिसत नाही, डावीकडची धार सोडू नये. बाण उजवीकडे ओढतो, तिकडे कडा आहे. खिंडीच्या अलीकडचा झरा वाहता होता. आकडा सहा मीटर पश्चिमेला चुकतो. डबा ठीक, वहीची चार पानं ओली, कोरडी पानं ठेवली. पेन्सिल संपत आली आहे, पुढच्यांनी एक न्यावी.”